वरचा डावा दात

मंगळवार, ५ मार्च २०२४. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.
मागच्या दारी पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून दात घासत होतो. वरचा डावा पुढचा दात ब्रशबरोबर हलला. आधी वाटलं ब्रशच हलला. बोटाने पाहिलं. पुढे-मागे, अंदाजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका. रक्त नाही, दुखणं नाही. उजवा दातही किंचित हलतो, पण त्याचं मला नक्की सांगता येत नाही. भीतीमुळेही तसं वाटत असेल.

हे सगळं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. बाबांचे दात गेले तेव्हा कोणी काही लिहून ठेवलं नव्हतं. अडतिसाव्या वर्षी पाचच उरले होते, एवढंच सगळ्यांना आठवतं. मला सव्वीस पूर्ण झाली.

गुरुवार, ७ मार्च.
काल चर्चच्या बँडची तालीम होती. फाइवा मास्तरांनी मध्येच हात वर करून सगळा बँड थांबवला. म्हणाले, "पहिला कॉर्नेट! तुझा वरचा सूर कुठे गेला? दात पडतायत की प्रेमात पडलायस?"

सगळे हसले. मीही हसलो, ओठ मिटून.

खरं कारण आता कळलं. कॉर्नेट म्हणजे छोटी तुतारीच; वरच्या सुरासाठी माउथपीस ओठांवर दाबावं लागतं, ओठ दातांवर टेकतात आणि तो दात मागे सरकतो. सरकला की फटीतून हवा निसटते. जूनअखेर पांगाईत चर्चची मोठी परिषद आहे. तिथे दुसऱ्या भजनात सोळा मात्रा एकटा पहिला कॉर्नेट वाजतो, म्हणजे मी. मी चौथीनंतर शाळा सोडली ती बाबांचा पाय मोडला म्हणून, आणि त्यानंतर मला कोणी कशासाठी ओळखत असेल तर ते या कॉर्नेटसाठी. दात गेले की कॉर्नेट गेलं. कवळी लावून वाजवणारा एकजण होता म्हणतात, पण तो ढोलाकडे गेला.

शुक्रवार, ८ मार्च.
दवाखान्यात जावं लागेल. जाता येणार नाही.

आमच्या सगळ्या बेटांत दातांची डॉक्टर एकच, लुसिआने. बाबांच्या थोरल्या भावाची मुलगी. म्हणजे माझी बहीण. ती फिजीहून शिकून आली तेव्हा सगळ्या घराण्याने डुकरं कापली, मीही दोन दिवस चुलाणापाशी होतो. पण आमच्या रिवाजाप्रमाणे बारा वर्षांचे झाल्यापासून ती आणि मी एका खोलीत बसलेलो नाही. ती दुकानात आली की मी मागच्या दाराने बाहेर पडतो. माझ्यासमोर कोणी वाह्यात विनोद केला आणि ती ऐकण्याच्या अंतरावर असली तर विनोद करणाऱ्याला मी मारायला हवं. आणि आता तिच्यापुढे आडवं पडून तोंड वासायचं?

सरळ राजधानीला, नुकुआलोफाला, जहाजाने जाऊन तिथे दाखवावं का, असा विचार केला. मग तिला कळेल की मी तिच्याकडे आलो नाही. तेही वाईटच.

रविवार, १० मार्च.
चर्चनंतर आत्या जेवायला होती. मेलेनाइते आत्या, बाबांची मोठी बहीण. ती बसली की बाबा चटईच्या कडेला सरकतात. मी उफीचा, त्या सुरणासारख्या कंदाचा, तुकडा बोटांनी कुसकरून खात होतो.

"माइका, तुला काय दात यायचेत का अजून?" आत्या म्हणाली. "बाळासारखं कुसकरून काय खातोस? इकडे ये. तोंड उघड."

मी म्हटलं, काही नाही. तिने माझी हनुवटी धरली आणि अंगठ्याने दात हलवून पाहिला. तिची बोटं नारळाच्या दुधाने माखलेली होती.

"अरे देवा! हा तर लोंबतोय." मग बाबांकडे वळून, "तुझ्यासारखंच याचंही."

बाबा म्हणाले, "आमच्या घराण्याचे दातच असे."

"घराण्याचे! मीही त्याच घराण्यातली ना? हे बघ." तिने स्वतःचे दात दाखवले. सगळे होते. "उद्याच लुसिआनेकडे जा."

"आत्या, ती बहीण आहे माझी."

"म्हणूनच सांगते. आपल्यात मानाने बहीण वरची की भाऊ वरचा?"

"बहीण."

"मग वरच्या माणसाने खालच्याच्या तोंडात हात घातला तर कोणाचा मान जातो? तू तिच्या तोंडात हात घालायला निघाला असतास तर मी काठी काढली असती. आणि तिच्याशी बोलायचं नाही तर नको बोलूस. तिथे ती पेसी आहे ना, मदतनीस. ती दोघांचं मिळून बोलते."

आत्याने सांगितल्यावर बाबा कधीच काही बोलत नाहीत. मला एकदम हलकं वाटलं. कारण आता हे मी ठरवलेलं राहिलं नाही.

मंगळवार, १२ मार्च.
गेलो. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. स्वच्छ शर्ट, आणि मान म्हणून कमरेला चटई बांधली, लग्नाला बांधतो ती चांगली. खुर्चीत आडवं झाल्यावर ती चटई बरगड्यांत टोचत होती, पण सोडली नाही. आत्याही आली होती. ती कोपऱ्यात बसून पंखा हलवत होती.

लुसिआने तोंडावर मास्क लावून आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त दातांकडे पाहिलं. पेसी हातात कागद घेऊन उभी होती. आधी पेसीने प्रश्न विचारले.

"नाव?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही."

माइका लिहिताना पेसीने एक अक्षर चुकवलं, ते मी दुरुस्त करायला लावलं. मग तिने विचारलं, "विडी ओढता?"

आत्या पंखा हलवायची थांबली. आत्या चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख आहे. लुसिआने पाठमोरी होती, पण ऐकत होती. मी म्हटलं, "नाही."

हे लिहून ठेवतो, कारण इथे खोटं लिहिणार नाही. मी दिवसाला सहा-सात विड्या ओढतो. शनिवारी रात्री कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, प्यायच्या बैठकीला दहा.

मग लुसिआनेने एक बारीक सळई घेतली आणि प्रत्येक दाताच्या कडेला हिरडीत घालून खोली मोजू लागली. प्रत्येक दाताला सहा जागा. ती आकडे पेसीला सांगत होती आणि पेसी लिहीत होती. तीन. पाच. सात. सहा. पाच. सात. आमच्या चर्चची भजनं आकड्यांत लिहिलेली असतात, तीन म्हणजे सा, चार म्हणजे रे, सात म्हणजे पंचम. त्यामुळे मला ते सगळं सूर होऊन ऐकू यायला लागलं आणि वर जाणाऱ्या त्या सुराची मला फार भीती वाटली. वरच्या डाव्या दातापाशी ती थांबली. मग म्हणाली, "आठ."

तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, असं पेसीने नंतर सांगितलं. त्याच्या पुढचं म्हणजे हिरडी दातापासून सुटलेली, आत किटण साचलेलं आणि खालचं हाड झिजत चाललेलं.

लुसिआने पेसीला म्हणाली, "रुग्णाला सांग, वाचवता येईल. सगळे नाही म्हणत, पण बहुतेक."

पेसी माझ्याकडे वळली. मी तिथेच, हातभर अंतरावर होतो. "डॉक्टर म्हणतात, वाचवता येईल. बहुतेक."

"त्यांना सांगा, बरं."

"तो म्हणतो, बरं."

शेवटी लुसिआने म्हणाली, "आणि लिही, दातांच्या मागच्या बाजूला चहाचे डाग. हे फारच कडक चहा पीत असावेत."

आमच्या घरी चहा फारसा होत नाही. तिला ओळखू आलं नाही, हे बरंच झालं.

किटण काढायला दोन खेपा लागतील. भुलीचं औषध पुढच्या जहाजाने येणार, म्हणून तारीख २ एप्रिल. तोपर्यंत कॉर्नेट बंद.

बुधवार, १३ मार्च.
रात्री विचार केला. मी सांगितलं की ओढत नाही. आता ते खरं करून टाकलं तर ते खोटं फक्त एका दिवसाचं ठरेल. तंबाखूची पुडी समुद्रात टाकली. दुपारी दोनपर्यंत ठीक होतो.

शनिवार, १६ मार्च.
चार दिवस एकही नाही. कावा प्यायच्या बैठकीला गेलो नाही. फाइवा मास्तरांना कॉर्नेट बंद असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मी सोळा मात्रा सध्या लिसिआटाला देतो." लिसिआटा एकोणीस वर्षांचा आहे. दात शार्कसारखे.

पेसी सायकलवरून आली. दवाखाना पांगाईत, तिथून आमच्या गावापर्यंत तासाभराचा रस्ता आहे. म्हणाली, घासायची पद्धत तपासायला आले. मी घासून दाखवलं. तिने माझ्या मनगटाला धरून ब्रश हिरडीकडे तिरका केला. "जमीन नाही घासायची. कडेने, हळू, जणू तान्ह्याचे कान पुसतोयस." मग दातांच्या फटीत घालायचे दोन बारीक ब्रश दिले, निळा आणि पिवळा. सरकारी दवाखाना आता एवढी काळजी घेतो हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, २२ मार्च.
पेसी पुन्हा आली. दुसरी खेप. आईने तिला खाऊ घातलं. ती फार कडक आहे, दोनदा घासायला लावलं. मग उगीचच अर्धा तास बसली.

सोमवार, २५ मार्च. पहाटे पाच.
रक्त. थुंकी लाल. फटीतला पिवळा ब्रश काढला तर तोही लाल. इतक्या वर्षांत कधी रक्त आलं नव्हतं. आता सगळं पाळतो आहे, विडी नाही, दिवसाला दोनदा घासणं, मिठाच्या गुळण्या, आणि आता रक्त? म्हणजे मी फार जोरात घासलं. किंवा फटीतल्या ब्रशांनी हिरड्या फाडल्या. किंवा आता सगळंच संपत आलं आहे.

ब्रश बंद केला. बोटाने मीठ लावतो.

बुधवार, २७ मार्च.
आजही रक्त. बाबा टाकीपाशी आले, लाल पाणी बघून म्हणाले, "माझंही शेवटी असंच आलं होतं." आणि गेले. त्यांना माझी समजूत घालायची होती, मला वाटतं.

शनिवार, ३० मार्च.
पेसी आली. मी आत राहिलो, आईला सांगितलं, झोपलाय म्हण. ती टाकीपाशी गेली आणि माझे ब्रश बघितले. कोरडे होते. खिडकीशी येऊन म्हणाली, "झोपलेल्या माणसा, ब्रश का सोडलास?"

"रक्त येतंय."

"किती दिवस?"

"सहा."

मग म्हणाली, "मला एक खरं सांग. या महिन्यात काय बदललं? काहीतरी नवीन खायला लागलास? की काहीतरी सोडलंस?"

मी खिडकी लावली. बहिणीच्या दवाखान्यात खोटं बोललो हे मी पेसीला तरी कसं सांगणार? उद्या ईस्टर आहे.

मंगळवार, २ एप्रिल.
काल सगळी रात्र एक चिठ्ठी लिहिली. सहा वेळा खोडली. शेवटी अशी: "१२ मार्चला मी विडी ओढत नाही असं सांगितलं ते खरं नव्हतं. दिवसाला सात ओढत होतो. १३ मार्चपासून एकही नाही. २५ तारखेपासून रक्त येतं. ब्रश बंद केला. क्षमा असावी." शब्दांची अक्षरं कोशात पाहून घेतली.

आज दवाखान्यात आत्या नव्हती. मी चिठ्ठी पेसीच्या हातात दिली आणि खुर्चीत आडवा झालो. मला वाटलं, ती नेऊन देईल आणि लुसिआने आतल्या खोलीत वाचेल. पेसीने ती मोठ्याने वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्षमेसकट.

मी डोळे मिटून घेतले. डोळे किलकिले करून पाहिलं तर लुसिआने भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे.

मग ती म्हणाली, आवाज जरा चोरूनच, "रुग्णाला सांग, चहा सोडल्याबद्दल अभिनंदन."

पेसी म्हणाली, "डॉक्टर म्हणतात..."

"ऐकलं मी," मी म्हटलं.

"आणि सांग," लुसिआने पुढे म्हणाली, "धुराने हिरड्यांतल्या बारीक नसा आवळलेल्या असतात, म्हणून इतकी वर्षं रक्त आलं नाही. आजार होता, दिसत नव्हता. विडी सुटली, नसा मोकळ्या झाल्या. म्हणून रक्त. हिरड्या मरत नाहीयेत. जाग्या होतायत. ब्रश सोडायचा नाही."

पेसीने हे सगळं पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. मी दोन्ही वेळा ऐकलं. दुसऱ्या वेळेला जास्त चांगलं वाटलं.

मग भूल दिली आणि उजवी बाजू साफ केली. खरवडण्याचा आवाज हाडातून कानात येतो, होडीच्या तळाचे शिंपले खरवडतात तसा. दुखलं नाही. काळं किटण निघालं ते पेसीने कापसावर घेऊन दाखवलं. मला ते घरी नेऊन बाबांना दाखवायचं होतं. ती नाही म्हणाली.

जाताना पेसीने निरोप दिला, पुढच्या मंगळवारी मासे धरायची नायलॉनची दोरी घेऊन ये, बारीक.

सोमवार, ८ एप्रिल.
दोरी कशाला? सरकारी दवाखान्यात फी नसते, म्हणून त्याबदली मागितली असेल, मासेमारीला जाणाऱ्या काकांसाठी, म्हणजे तिच्या बाबांसाठी. बाबांचं नवं रीळ, दोन गळ आणि शिशाचा गोळा बांधून ठेवला आहे. केळीच्या पानात थोडी उफीपण. बहिणीला पहिली उफी द्यायचीच असते.

मंगळवार, ९ एप्रिल.
दोरी दातांसाठी होती.

गळ बघून पेसी इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. आज डावी बाजू साफ झाली. मग लुसिआनेने दोरीचा बोटाएवढा तुकडा उकळून घेतला आणि वरच्या सहा दातांच्या मागून आडवा लावून पांढऱ्या लेपाने चिकटवला. निळा दिवा धरून लेप कडक केला. हलणारा दात आता शेजारच्यांच्या आधाराने उभा आहे. हाडाला सावरायला वेळ मिळावा म्हणून हे.

"रुग्णाला सांग, पाच आठवडे कॉर्नेट नाही. उसाला दात लावायचा नाही. तिसऱ्या महिन्यात बघू." मग दरवाजाकडे जाताना, मागे न पाहता, "उफी चांगली निघाली यंदा."

पेसी तिथे नव्हतीच. ती अजून बाहेर हसत होती. मी म्हटलं, "हो."

एवढंच. चौदा वर्षांनंतर.

रविवार, २८ एप्रिल.
रक्त चार जागी. आधी मोजायचं सोडलं होतं. हिरड्या फिक्या गुलाबी, ताणलेल्या. पण दात लांब दिसतात आणि दोन दातांमध्ये वर काळे त्रिकोण झाले आहेत. थंड पाणी झोंबतं. लिहून पेसीला दिलं. ती म्हणाली, सूज उतरली म्हणून दात उघडे पडले. सूज हेच तुझं सौंदर्य होतं वाटतं. ती असं बोलते. ही सातवी की आठवी खेप? मोजायला हवं.

शनिवार, १८ मे.
पाच आठवडे झाले. बँडच्या खोलीत एकटा गेलो. कॉर्नेट घेतलं, फक्त खालचे सूर, हलक्या ओठाने. दात हलला नाही. दोरी जिभेला लागते, बारीक, गुळगुळीत. फाइवा मास्तर दारात उभे होते हे मला नंतर कळलं.

"वर जाऊ नकोस," ते म्हणाले.

"नाही जात."

"परिषदेत तू दुसरा कॉर्नेट. सोळा मात्रा लिसिआटाच्या. राग आला?"

मी विचार केला. आला होता, थोडा. तसं सांगितलं.

"पहिला कॉर्नेट पुढल्या वर्षी मिळतो. दात नाही मिळत," ते म्हणाले आणि दिवा लावून गेले.

मंगळवार, ११ जून.
तपासणी. चटई बांधली. लुसिआने पुन्हा सळई घेऊन बसली. पेसी लिहायला उभी. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

तीन. दोन. तीन. तीन. दोन. तीन.

पेसीचा आवाज मागून आकडे पुन्हा उच्चारत होता, कारण लिहिलेलं बरोबर आहे की नाही बघायची तिची तशी पद्धत आहे. तीन. तीन. दोन. मी खुर्चीचे हात सोडले. खालच्या मागच्या दाढेपाशी पाच आला, एक दाढ वाचायची नाही असं लुसिआने म्हणाली. तिची मुळं उघडी पडली आहेत, ती पुढच्या महिन्यात काढायची. ठीक आहे. एक दाढ मी देतो.

वरच्या डाव्या दातापाशी ती थांबली. पेसी लिहायची थांबली. मला भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

"चार," लुसिआने म्हणाली.

पेसी काही लिहीना. "पुन्हा मोजा ना, डॉक्टर."

लुसिआनेने पुन्हा मोजलं. "चार."

पेसीने मग कागद तोंडासमोर धरला. कागद हलत होता. आकडा लिहिताना नीट दिसावा म्हणून असेल.

आणि लुसिआने, पहिल्यांदाच, पेसीला मध्ये न घेता, माझ्या कपाळाच्या वर कुठेतरी बघत म्हणाली, "दात राहील."

मी उठून बसलो. बहिणीला काय म्हणतात अशा वेळी ते कोणी मला शिकवलेलं नव्हतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून मान खाली घातली, जशी राजघराण्यातल्यांपुढे घालतात. ती म्हणाली, "पुरे, पुढचा रुग्ण थांबलाय."

रविवार, ३० जून.
परिषद झाली. दुसरं भजन. लिसिआटाने सोळा मात्रा वाजवल्या, पहिल्या चार घाबरत, मग बऱ्या, शेवटच्या चांगल्या. मी खालचा सूर धरून होतो. खालून धरलेला सूर असतो म्हणून वरच्याला उडता येतं, हे मला पहिल्या कॉर्नेटला बसून कधी ऐकूच आलं नव्हतं. भजन संपलं तेव्हा समोर बायकांच्या बाजूला आत्या उघड रडत होती. लुसिआने तिच्या शेजारी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. बाबांनी मात्र जेवताना त्यांच्या पाच दातांना बोट लावून मला विचारलं, "ती सळई दुखते का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, नुकुआलोफाचा डॉक्टर ऑगस्टमध्ये येतो म्हणतात. पुतणीला काकाच्या डोक्याला हात लावता येत नाही, हे खरंच. पण मला वाटतं, ते इतकी वर्षं याच्याच आडून बसले होते.

सोमवार, १ जुलै. दुपारचे तीन.
हिशेब पुरा करून ही वही ठेवतो.

गेलं ते: एक दाढ (जाणार), साडेतीन महिन्यांच्या विड्या, सोळा मात्रा, बोटाएवढी दोरी, एक खोटं. दवाखाना सरकारी, त्यामुळे पैसे लागले नाहीत. खोलीचे आकडे शेवटच्या पानावर वेगळे लिहिले आहेत.

देणं आहे ते: फाइवा मास्तरांचं काही नाही, उलट पुढल्या वर्षीच्या सोळा मात्रा ते मला देणं लागतात. लुसिआनेचं देणं आहे, पण ते बहिणीचं, ते असतंच, दरवर्षीच्या उफीबरोबर थोडं थोडं द्यायचं. राहिल्या पेसीच्या खेपा. सायकलने, जाऊन-येऊन दोन तास, एकूण अकरा. त्या दवाखान्याच्या नावावर लिहायच्या म्हणून आज सकाळी आत्याकरवी लुसिआनेला विचारलं, तर तिने निरोप पाठवला की तिने पेसीला आमच्या गावाला एकदाही पाठवलेलं नाही. वहीत त्यांच्यासाठी ओळ सोडली आहे. उद्या पांगाईला जाऊन पेसीलाच विचारतो, कोणाच्या नावावर लिहू.